मत नसलेल्यांची सभा

"ज्यांना अजून मत नाही, त्यांची सभा कशाला घेता?" हे मला पहिल्यांदा विचारलं आमच्याच पारावरच्या एका आबांनी. तेव्हा मी सरपंच होते आणि गावातल्या लेकरांची बालसभा घेत होते. पाच वर्षांची मुदत संपली, तरी लग्नात, बाजारात, प्रशिक्षणाला बोलावतात तिथे, कुणी ना कुणी हेच विचारतं. तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

कायद्याने आबांचं बरोबर होतं. ग्रामसभा म्हणजे मतदारयादीत नाव असलेली माणसं. ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ ला लागू झाली, त्यातही ग्रामसभेची व्याख्या हीच आहे. मत द्यायला १८ वर्षं लागतात, निवडणुकीला उभं राहायला २१. पण शाळेतलं पाणी, अंगणवाडीचं अंगण, रस्त्यावरचा दिवा हे सगळं याच ग्रामसभेत ठरतं आणि त्याचा सगळ्यात जास्त वापर लेकरंच करतात. मोठी माणसं दिवसभर शेतात नाहीतर तालुक्याला. गावात दिवस काढतात ती लेकरं आणि म्हातारी माणसं.

आमची पहिली बालसभा फसली. २६ जानेवारीला झेंडावंदन झालं की लगेच शाळेच्या पटांगणात घेतली. लेकरं एकेक करून उभी राहिली आणि पाठ केलेलं बोलली. गाव व्यसनमुक्त झालं पाहिजे, झाडं लावली पाहिजेत, प्लास्टिक बंद झालं पाहिजे. टाळ्या पडल्या, फोटो निघाले. घरी येऊन वही उघडली तर त्यात लिहिण्यासारखं एकही काम नव्हतं. गुरुजींना दोष देत नाही, त्यांना वाटलं भाषणांची स्पर्धा आहे. मीच नीट सांगितलं नव्हतं.

दुसरी चूक मला हजेरीपट बघितल्यावर कळली. आमचं गाव बीड जिल्ह्यातलं. दसरा झाला की ऊसतोडीसाठी मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली घरं हलायला लागतात आणि दिवाळीनंतर निम्मा गाव साखर कारखान्यांकडच्या उसाच्या फडात असतो. जानेवारीत पटांगणात बसली होती ती मागे राहिलेल्या घरांची लेकरं. ज्यांचं ऐकायला सगळ्यात आधी हवं होतं, ती तेव्हा फडाजवळच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, बसून धाकट्या भावंडांना सांभाळत होती. आणि पुढच्या वर्षाचा गावचा आराखडा करायची मोहीम तर २ ऑक्टोबरला सुरू होते. म्हणजे आम्ही अर्ध्या लेकरांना विचारलं, तेही आराखड्याचं काम उरकत आल्यावर.

पुढच्या वर्षी सभा दसऱ्याच्या आधी घेतली. माइक नाही, हार नाही, पाहुणे नाहीत. आधी लेकरांनी मला गावभर फिरवलं. मी सून म्हणून या गावात आले त्याला तेव्हा चौदा वर्षं झाली होती, पण त्यांनी नेलेल्या काही जागी मी कधी उभीच राहिले नव्हते. फेरीनंतर प्रत्येकाला एक कोरा कागद दिला. नाव लिहायचं नाही, घडी करून डब्यात टाकायचं.

साठेक चिठ्ठ्या निघाल्या. मुलींच्या शौचालयात पाणी नाही, म्हणून आम्ही शाळेत पाणीच पीत नाही. हे चार वेगवेगळ्या अक्षरांत लिहिलेलं होतं. पाण्याच्या टाकीचे नळ उंच आहेत, पहिलीतल्यांचा हात पोचत नाही. वस्तीवरून येताना ओढ्यापाशी अंधार असतो. बस शाळा सुटायच्या आधीच निघून जाते. आई-बाप कारखान्याला गेले की हंगामी वसतिगृह त्याच दिवशी सुरू करा, मधले दिवस कुणाकडे राहायचं? एका चिठ्ठीत नववीतल्या मैत्रिणीचं लग्न ठरल्याचं लिहिलं होतं. गावपातळीवर बालविवाह प्रतिबंधक अधिकारी तेव्हा ग्रामसेवकच असायचे. त्यांना त्याच संध्याकाळी गाठलं. त्या चिठ्ठीबद्दल एवढंच सांगते. ती मुलगी पुढे दहावीला बसली.

आता पैशाचं. केंद्राकडून येणाऱ्या पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीत (२०२१ ते २०२६) ६० टक्के बंधित होते, म्हणजे ठरलेल्या कामांवरच खर्चायचे, निम्मे पाण्यासाठी आणि निम्मे स्वच्छतेसाठी. उरलेले ४० टक्के अबंधित. गावात सगळी ओढाताण त्या ४० टक्क्यांवर चालायची. सभामंडप, कमान, आपल्या गल्लीचा सिमेंट रस्ता. बंधित पैसा मात्र वर्षानुवर्षं सवयीने गटारांच्या कामावर जायचा, कारण दुसरं काही कुणी सुचवत नव्हतं. लेकरांनी सुचवलं. शौचालयाची पाइपलाइन, टाकीला खाली लावलेले नळ, ही कामं बंधित निधीत सरळ बसली. कुणाच्या ताटातला घास काढावा लागला नाही. ओढ्यापाशी दोन दिवे लावायचे म्हटल्यावर मात्र सभामंडपाची फरशी पुढे ढकलावी लागली आणि मासिक सभेत त्यावरून दोन तास वाद झाला. मला त्या दोन तासांचं आजही समाधान आहे. लेकरांच्या मागणीवर मोठी माणसं पहिल्यांदा भांडली होती.

माझ्या मते सभा घेणं हा सोपा भाग आहे. उत्तर देणं अवघड. आम्ही एक रजिस्टर केलं. एका रकान्यात मागणी, दुसऱ्यात उत्तर, तिसऱ्यात ते काम कुणाचं. पुढच्या सभेची सुरुवात ते मोठ्याने वाचून करायची. "नाही" असेल तर "नाही" लिहायचं आणि कारण द्यायचं. खेळायला मैदान हवं, ही मागणी दोन वर्षं "नाही"मध्येच राहिली. मैदानाला जागा म्हणजे गायरान, आणि गायरानात ज्यांची घरं आहेत, त्यांना दुसरीकडे गुंठाभर जागा नाही. आठवीतल्या एका मुलाने मला उभं करून विचारलं, मग आम्ही कुठे खेळायचं? माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि रजिस्टरमध्ये मी तसंच लिहिलं. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

बसचं काम ग्रामपंचायतीच्या हातात नव्हतं. पाचवी ते बारावीच्या मुलींना पास मोफत आहे, पण बस आधीच गेली तर त्या पासाचं करायचं काय? ठराव करून आगारात दिला. काही झालं नाही. दुसऱ्यांदा जाताना दहावीच्या तीन मुलींना आणि त्यांच्या आयांना सोबत घेतलं. मुलींनी स्वतः सांगितलं, बस चुकली की किती चालावं लागतं, घरी पोचेपर्यंत किती वाजतात. वेळ पंचवीस मिनिटांनी पुढे सरकली. माझ्या सहीच्या कागदाने जे झालं नाही, ते त्यांच्या तोंडून झालं.

वसतिगृहाचं पूर्ण जमलं नाही. मंजुरी वरून यायची असते. राहणाऱ्या लेकरांची यादी आम्ही सप्टेंबरमध्येच तयार करायला लागलो, त्यामुळे मधले दिवस कमी झाले, संपले नाहीत. त्या दिवसांत काही लेकरं शेजारच्या घरी जेवली. काही आई-बापाबरोबर गाडीत बसून निघून गेली. रजिस्टरमध्ये ती मागणी अजून उघडी आहे आणि ते रजिस्टर मी नव्या सरपंचांच्या हातात स्वतः दिलंय.

तुमच्या गावात घ्यायची असेल तर आधी तारीख बघा. आम्ही घटस्थापनेच्या आधीचा शनिवार धरतो. शाळा सकाळची असते, लेकरं लवकर मोकळी होतात आणि ऊसतोडीच्या टोळ्या अजून गावातच असतात.