दामल्यांच्या यंत्राची खरखर

गिरगावात राहणाऱ्याला मॅजेस्टिक हे नाव आता शॉपिंग सेंटरमुळेच माहीत असतं. तिथे पूर्वी थिएटर होतं. १४ मार्च १९३१ ला त्यात ‘आलम आरा’ लागला आणि पडदा बोलू लागला. जेमतेम अकरा महिन्यांनी, ६ फेब्रुवारी १९३२ ला, त्याच मॅजेस्टिकमध्ये कोल्हापूरहून आलेला ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट लागला. मधल्या काळात कोल्हापुरात काय घडलं असेल, हा प्रश्न कित्येक वर्षं माझ्या डोक्यात होता. शेवटी दोन दिवसांची रजा टाकली आणि महालक्ष्मी एक्सप्रेस पकडली.

सकाळी स्टेशनबाहेर रिक्षावाल्याला विचारलं, “तो कॅमेऱ्याचा खांब आहे ना, तिकडे यायचं का?”

“खरी कॉर्नर म्हणा की मग! बसा.”

कोल्हापूरकरांना हे रोजचंच. मला मात्र गावातल्या चौकात, दुचाकींच्या गर्दीच्या वर, खांबावर ठेवलेला कॅमेरा पाहून भरून आलं. हे बाबूराव पेंटरांचं स्मारक. बाबूराव आणि नात्याने त्यांचे भाऊ असलेले आनंदराव नाटकांचे पडदे रंगवायचे. फाळक्यांचे चित्रपट पाहून दोघांना वेड लागलं. परदेशी कॅमेरा परवडेना, म्हणून स्वतःच करायला घेतला. आनंदराव मध्येच, १९१६ साली गेले. बाबूरावांनी काम सोडलं नाही. विष्णुपंत दामले मदतीला होते आणि १९१८ च्या सुमारास कॅमेरा चालू झाला. त्यावर चित्रित केलेला ‘सैरंध्री’ १९२० साली पुण्यात लागला. लोकमान्यांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ म्हणून गौरवलं.

त्या काळी कॅमेरा हाताने फिरवायचा. सेकंदाला साधारण दोन फेरे, म्हणजे सोळा चित्रं. कॅमेरामन मनातल्या मनात ताल धरून हँडल फिरवायचा. शेजारी दिग्दर्शक मोठ्याने सांगत असायचा, “आता वळ, वर बघ, डोळे पूस.” मूकपटाचं चित्रीकरण मुळीच मूक नसायचं. बोलायला मुभा होती म्हणून तर दिग्दर्शक नटाला प्रत्येक क्षणी हाताशी धरून नेऊ शकत होता.

आणि त्या लोकांना आवाज दाखवता यायचा. बाबूरावांचा १९२५ चा ‘सावकारी पाश’ आज पाहायला मिळत नाही. पण ज्यांनी तो पाहिला त्यांच्या आठवणीत एक दृश्य कायमचं राहिलं: अंधारलेली झोपडी, आणि रडणारं एक कुत्रं. बस्स, एवढंच. थिएटरात त्या कुत्र्याचा आवाज नव्हता, तरी लोकांच्या अंगावर काटा यायचा. शेतकऱ्याचं घर उठलं हे सांगायला पडद्यावर मजकुराची एकही पाटी लागली नाही. खरी कॉर्नरला उभा असताना मला सारखं तेच कुत्रं आठवत होतं.

म्हणूनच बोलपट आला तेव्हा बाबूराव मनातून खूश नव्हते, हे मला समजू शकतं. इतक्या कष्टाने कमावलेली दृश्यांची भाषा आवाजापायी बुडेल, अशी त्यांना धास्ती वाटायची. पुढे त्यांनी ‘उषा’, ‘प्रतिभा’ असे बोलपट केलेही, पण अखेर ते पुन्हा कुंचल्याकडे वळले.

त्यांचेच शिष्य मात्र वेगळ्या वाटेने गेले. शांताराम, दामले, फत्तेलाल आणि धायबर बाबूरावांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीतून बाहेर पडले. १९२९ साली सीतारामपंत कुलकर्णींच्या साथीने त्यांनी ‘प्रभात’ ही स्वतःची कंपनी काढली. तीही मूकपटांचीच. ‘आलम आरा’ ज्या वर्षी आला, त्याच १९३१ साली प्रभातचे ‘चंद्रसेना’ आणि ‘जुलूम’ हे मूकपटच होते. मग एकदम सगळं बदललं. सेटवर श्वास धरून उभं राहायचं. दिग्दर्शकाने तोंड मिटायचं. हाताच्या तालावर फिरणारं हँडल गेलं आणि सेकंदाला बरोब्बर चोवीस चित्रांची शिस्त आली, नाहीतर गाणं बेसूर. पडद्यावरच्या पाट्या बदलल्या की मूकपट कुठल्याही प्रांतात चालायचा. आता ‘अयोध्येचा राजा’ मराठीत आणि हिंदीत असा दोनदा चित्रित करावा लागला. गाणारा राजा हवा म्हणून गोविंदराव टेंबे आले, तारामतीसाठी दुर्गाबाई खोटे.

आणि ध्वनिमुद्रण कोणी केलं? विष्णुपंत दामल्यांनी. ज्यांनी बाबूरावांचा कॅमेरा जुळवायला हात लावला, त्याच माणसाने नवं यंत्र शिकून घेतलं. माझ्या प्रश्नाचं उत्तर मला इथे मिळालं. कोल्हापुरात आवाज आणला तो मूकपटात मुरलेल्या हातांनी.

दुपारी जयप्रभा स्टुडिओच्या बाहेर थोडा वेळ थांबलो. भालजी पेंढारकरांच्या आधी हे कोल्हापूर सिनेटोन होतं. या संस्थेसाठी दादासाहेब फाळक्यांनी ‘गंगावतरण’ केला. १९३७ साल, वय सदुसष्ट, आणि आयुष्यातला एकुलता एक बोलपट. त्याआधीचा त्यांचा ‘सेतुबंधन’ मूकपट म्हणून तयार झाला होता, पण तोवर बोलपटांचा धडाका सुरू झालेला. मग त्याला मागाहून आवाज जोडला. या देशात सिनेमाचा पाया घालणारा माणूस, आणि स्वतःच्या पूर्ण झालेल्या चित्रपटाला आवाजाचं ठिगळ लावायची वेळ त्याच्यावर यावी! मला हे आठवलं की आजही वाईट वाटतं.

रात्री लॉजच्या खोलीत मोबाइलवर ‘अयोध्येचा राजा’ लावला. ‘आलम आरा’ची एकही प्रत उरलेली नाही; हा उरला, हे आपलं भाग्य. गोष्ट पुन्हा हरिश्चंद्राचीच, फाळक्यांनी १९१३ साली जिथून सुरुवात केली तीच. आधी मुद्दाम आवाज बंद ठेवून पाहिला. प्रकाश कुठून येतोय, माणसं चौकटीत कुठे उभी आहेत, इकडेच नजर जात होती. संवाद कळत नसतानाही राजाराणीची दैना कळत होती. पेंटरांच्या तालमीतली माणसं ती!

मग आवाज चालू केला. आधी फितीची खरखर आली आणि तिच्यातून दुर्गाबाईंची अंगाई. मी ती तीनदा ऐकली. तिसऱ्यांदा गाण्याकडे लक्ष नव्हतं. डोळे मिटून नुसती खरखर ऐकत होतो, दामल्यांच्या यंत्राची.