हॅस्टेलॉयचा एक तुकडा आणि कुंभारवाड्यातली पायपीट

तळोज्याच्या एका केमिकल कंपनीचं पंप शाफ्टचं काम आलं. ड्रॉइंगवर मटेरियल हॅस्टेलॉय सी-276, म्हणजे निकेलचा एक महागडा मिश्रधातू, आणि खाली बारीक अक्षरात, 3.1 सर्टिफिकेट कंपल्सरी. आमचं भांडुपला छोटं वर्कशॉप, 304 आणि 316 स्टेनलेस स्टील रोजचंच, पण हे आमच्याकडे पहिल्यांदाच आलेलं. पाहिजे होता 40 एमएम डायाचा 600 एमएम लांब तुकडा, पावणेसात किलोला जरा कमीच. एवढ्यासाठी मिल कोण विचारणार, म्हणजे मुंबईतला धातूवाल्या ट्रेडरांचा कुंभारवाडाच.

ग्रँट रोडला उतरून खेतवाडीकडून चालत गेलं की जुन्या बिल्डिंगींत निकेल अलॉय, टायटॅनियम, मोनेल असे बोर्डच बोर्ड, आत मात्र एक टेबल, एक कॉम्प्युटर, माल दुसरीकडे गोडाऊनला. बहुतेकांचं पहिलं वाक्य एकच, साहेब अख्खा बार घ्या, तुकडा नाही देत. त्यांचंही खोटं नाही म्हणा, महागाचा माल, उरलेला तुकडा कोण घेणार.

एकाने लगेच हो म्हटलं, रेटही कमी, पण टीसी, म्हणजे टेस्ट सर्टिफिकेट, आली ती त्याच्याच लेटरहेडवर टाइप केलेली. ती मी घेतली नाही. 3.1 म्हणजे माल बनवणाऱ्या मिलची टीसी, त्या लॉटच्या खऱ्या टेस्टचे आकडे, आणि सही प्रॉडक्शनपासून वेगळ्या असलेल्या तपासणीवाल्याची. ट्रेडरने त्याची कॉपी द्यायची, नव्याने टाइप करायची नाही.

शेवटी एक शेठ कटपीसला तयार झाले. इथे मी अडून बसलो ते हीट नंबरवर, म्हणजे मिलमध्ये धातूच्या ज्या वितळणीतून बार बनला तिचा नंबर, टीसीवरही तोच असतो. नंबर बऱ्याचदा बारच्या एकाच टोकाला पंच केलेला असतो, त्यांनी दुसऱ्या टोकाकडून कापून दिला तर आपल्या हातात नुसता कोरा गोल तुकडा, मग टीसी कितीही खरी असो ती ह्याच तुकड्याची कशावरून? म्हणून करवत लावायच्या आधीच आमच्या भागावर नंबर पंच करून घेतला, फोटो काढला. शेठ वैतागले, पण केलं.

मग पीएमआय गन, म्हणजे मटेरियलमध्ये कुठला धातू किती ते दाखवणारं हातातलं यंत्र. मॅग्नेट लावून काही कळत नाही, 316 पण चिकटत नाही आणि हे पण नाही. गनवर मॉलिब्डेनम बघायचं, सी-276 मध्ये 15 ते 17 टक्के, 316 मध्ये 2 ते 3, लपणं शक्यच नाही. फक्त ही एक्स-रेवर चालणारी (एक्सआरएफ) गन कार्बन वाचत नाही, सी-276 ला कार्बन जास्तीत जास्त 0.01 टक्के चालतो, तो टीसीवरच बघावा लागतो किंवा लॅबमध्ये स्पेक्ट्रो करून. आणि साधा वजनकाटा विसरू नका, ह्याची घनता 8.89, तेवढाच 316 चा तुकडा सहा किलोच भरला असता.

लेथवर मात्र घाम काढला. टूल नुसतं घासत राहिलं की वरचा थर कडक होतो आणि पुढचा कट टिप खातो. स्पीड कमी, फीड थांबवायचा नाही, कूलंट भरपूर. टर्निंगचं स्क्रॅप वेगळ्या गोणीत ठेवलंय, त्यात निम्म्याहून जास्त निकेल आहे, भंगारवाला स्टीलच्या भावात मागतोय, बघू.