चिऱ्याचा चुरा आणि मिस्त्रीचे हात

३ जून २०२० च्या निसर्ग वादळात आमची पडवी गेली. आम्ही दापोलीजवळ राहतो. ती बांधायला पुढच्या हिवाळ्यात मुर्शिदाबादचा एक मिस्त्री आला. चहाचा कप घेताना त्याचा तळवा दिसला. मला आधी वाटलं, सिमेंटने खाल्लाय. पण तळवाभर तांदळाएवढ्या कडक गाठी होत्या, आणि छातीवर पावसाचे थेंब पडून वाळावेत तसे ठिपके.

“काकी, पानी से,” तो म्हणाला.

त्याच्या वडिलांनी दारात कूपनलिका मारली होती. तळ्याच्या पाण्याने पोरं जुलाबाने दगावत, म्हणून. हिमालयातून नद्यांनी आणलेल्या गाळात आर्सेनिक होतं, ते जमिनीखालच्या त्या पाण्यात उतरलेलं. पश्चिम बंगालमध्ये या विषबाधेचे पहिले रुग्ण १९८३ मध्ये ओळखले गेले. पाणी नितळ, वास नाही, चव नाही. उकळलं तर विष जात नाही, उलट पाणी आटून ते आणखी दाट होतं. मर्यादा आहे लिटरला ०.०१ मिलिग्रॅम, आणि इतकं कमी जिभेला कुठून कळणार?

मला त्यात विजेचाच प्रश्न पहिला सुचला. वादळानंतर आमच्या वाडीत महिनाभर वीज नव्हती. पंप बंद, भिंतीवरचं फिल्टरचं यंत्र बंद. मी पोहऱ्याने पाणी शेंदत होते. तिकडच्या गावात यंत्र बसवून काय उपयोग? मग वाचत गेले. बांगलादेशात जन्मलेले रसायनशास्त्रज्ञ अबुल हुस्साम यांनी सोनो फिल्टर केला: एकावर एक बादल्या, त्यांत वाळू, कोळसा, विटांचे तुकडे आणि मुख्य म्हणजे लोखंडाचा खास थर. पाणी आपल्या वजनाने खाली झिरपतं. लोखंड गंजतं आणि आर्सेनिक त्या गंजाला चिकटून राहतं. त्यासाठी त्यांना २००७ मध्ये ग्रेंजर पुरस्कार मिळाला.

पुढचं मात्र मी दोनदा वाचलं. खरगपूरच्या आयआयटीतल्या संशोधकांनी हेच काम लॅटराइटकडून करून घेतलं. लॅटराइट म्हणजे आपला जांभा! त्यात लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं भरपूर असतात. आधी आम्ल, मग अल्कली देऊन त्याची पकड वाढवतात. ज्या दगडाने आमच्या विहिरी बांधल्या, गडगे रचले, तोच.

मिस्त्री जांभ्याचे चिरे तासत होता, लाल चुरा पडवीभर उडाला होता. मी त्याला सांगितलं तेव्हा त्याने मूठभर उचलून बराच वेळ पाहिला. “घर ले जाऊँ?”

मी नको म्हटलं, आणि ते म्हणणं जड गेलं. कच्चा चुरा किती विष धरेल, कधी भरेल, हे पाणी तपासल्याशिवाय कळत नाही, आणि भरलेला चुरा विहिरीजवळ टाकूनही चालत नाही. तपासणी हवी, दर काही महिन्यांनी, आणि ती त्याच्या गावात कोणी करत नव्हतं. त्याची बायको अर्ध्या तासावरच्या शाळेच्या नळावरून दोन कळशा आणते. त्या नळाचं पाणी एकदा तपासून चांगलं निघालं होतं; पोरांना तेवढंच द्यायचं, असं तिने ठरवलंय.