गुलामगिरी आधीही होती, मग डचांनाच दोष का?

इंडोनेशियातल्या बांदा बेटांविषयी व्याख्यान दिले की शेवटी कोणीतरी हमखास विचारते, "आशियात गुलामगिरी आधीपासूनच होती ना, मग सगळे खापर डचांच्याच माथी का?" एकदा सविस्तर उत्तर देते.

होती. जायफळाच्या व्यापारावर श्रीमंत झालेल्या बांदाच्या प्रमुखांच्या, म्हणजे ओरांग कायांच्या, पदरीही गुलाम होते. हे मी कधीच लपवलेले नाही. तरीही प्रश्न असा येतो, जणू या एका कबुलीने १६२१ साल पुसले जावे.

त्या काळी जायफळ जगात केवळ याच चिमुकल्या बेटांवर पिकत असे आणि डच ईस्ट इंडिया कंपनीला त्याचा मक्ता हवा होता. बांदावासीयांना मात्र तांदूळ आणि कापड बाहेरूनच मिळे, म्हणून ते घेऊन येणाऱ्या जावाच्या व्यापाऱ्यांना आणि इंग्रजांनाही ते जायफळ विकत राहिले. हा मक्त्याच्या कराराचा भंग ठरवून कंपनीचा गव्हर्नर जनरल यान पीटरझून कून १६२१ मध्ये आरमारासह लोंथोर या बांदातल्या सर्वांत मोठ्या बेटावर उतरला. बेट पडले, प्रमुख शरण आले. पुढे एप्रिलमधल्या एका रात्री, तिथल्याच सेलामोन गावच्या मशिदीत तळ ठोकलेल्या डचांच्या मुक्कामी एक दिवा खाली पडला आणि तेवढ्यावरून उठावाचा संशय घेऊन धरपकड सुरू झाली. ८ मे रोजी ४४ प्रमुखांना नासाउ किल्ल्याबाहेर बांबूच्या कुंपणात कोंडून जपानी भाडोत्री सैनिकांकरवी मारण्यात आले आणि त्यांची मुंडकी बांबूंवर लावण्यात आली. कोणाचे बरोबर होते ते देव जाणे, पण ख्रिस्ती म्हणवणारे आम्ही सारे या शेवटाने हादरलो, अशा आशयाची नोंद तेथे हजर असलेल्या एका डच अधिकाऱ्यानेच करून ठेवली आहे. डोंगरात पळालेले उपासमारीने मेले, कित्येकांनी कड्यांवरून उड्या टाकल्या, शेकडो लोकांना बायकामुलांसह बटाव्हियाला (आजच्या जकार्ताला) नेण्यात आले. सुमारे १५,००० वस्तीपैकी हजारभरच उरले, असा अंदाज आहे.

आता झाडे होती आणि ती राखणारी माणसे नव्हती. कंपनीने बागांचे ६८ भाग पाडून ते आपल्या माणसांना दिले आणि जावा, बोर्निओ, मलबार, कोरोमंडल अशा ठिकाणांहून आणलेले गुलाम त्यांत राबवले. उरलेल्या काही बांदावासीयांना तर, त्यांचे कसब हवे म्हणून, त्यांच्याच झाडांखाली गुलाम केले. आधी धनी मारायचे आणि मग रिकाम्या जमिनीसाठी माणसे विकत आणायची, ही व्यवस्था ओरांग कायांची नव्हती. ती १८६० पर्यंत टिकली.

जुनी गुलामगिरी सौम्य होती, असेही मी पूर्वी म्हणत असे. आज तसे म्हणवत नाही, कारण त्या सौम्यपणाची ग्वाही गुलामांनी दिलेली मला कुठे सापडत नाही. शिवाय दुष्काळात कोरोमंडल किनाऱ्यावर डचांनी विकत घेतलेल्या माणसांना विकणारे हात तिथलेच होते. त्यांचा वाटा किती धरायचा, हे मला ठरवता आलेले नाही. पण तो धरल्याने कूनचा वाटा कमी कसा होतो, हे विचारणाऱ्यांनी मला पटवून द्यावे.