लेझर गन डेकहाऊसपर्यंत नेताना

कोकण किनाऱ्यावरच्या एका खाडीत आमचं यार्ड आहे. टग, वर्कबोटी आणि प्रवासी लाँच एवढाच पसारा. डेकहाऊसच्या (डेकवरच्या खोल्यांच्या) ४ मिलिमीटरच्या बल्कहेडला, म्हणजे पोलादी भिंतीला, मिगने (वायर वितळवणाऱ्या नेहमीच्या आर्क वेल्डिंगने) जोड घातला की पत्रा हमखास पोट काढतो. मग गॅसची ज्योत आणि पाणी मारत तो सरळ करत बसा. जोड घालण्यापेक्षा या सरळ करण्यातच मजुरी जास्त जाते, हे मालकांना पटलं आणि २ किलोवॉटची हातात धरायची फायबर लेझर वेल्डिंग मशिन आली. ती क्लासकडून (जहाजं तपासून प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेकडून) पास करून घेऊन जहाजावर चालू करायची जबाबदारी माझी.

तसा जहाजबांधणीत लेझर नवा नाही. जर्मनीत पापेनबुर्गच्या मायर वेर्फ्ट यार्डमध्ये या शतकाच्या सुरुवातीपासून क्रूझ जहाजांची पॅनेलं लेझर-हायब्रिडने (लेझर आणि आर्क एकत्र वापरून) जोडतात. पण तिथे प्लेट मशिनकडे जाते. दुरुस्तीत मशिनलाच शिडी चढावी लागते. जुन्या सीओटू लेझरला ते जमणारं नव्हतं, कारण त्याचा १०.६ मायक्रॉनचा किरण काचेच्या तंतूतून जातच नाही, आरसे लावून फिरवावा लागतो. फायबर लेझरचा किरण १.०७ मायक्रॉनचा. तो केबलमधून थेट गनपर्यंत येतो.

आणि तो डोळ्याला दिसत नाही. वर्ग ४ चा, म्हणजे सगळ्यात धोकादायक वर्गातला लेझर; चकचकीत स्टेनलेसवरून उसळलेला किरणसुद्धा डोळा कायमचा घालवू शकतो. आमच्या नेहमीच्या वेल्डिंग काचा त्या तरंगलांबीसाठी बनवलेल्याच नाहीत, त्यामुळे चष्मे आणि हेल्मेट वेगळी घ्यावी लागली. विक्रेत्याचा भर मात्र एकाच गोष्टीवर होता: जॉबला (जोडायच्या तुकड्याला) क्लॅम्प लावा, नोझल जॉबला टेकल्याशिवाय किरण सुटतच नाही. वर्कशॉपच्या टेबलावर हे बरोबर आहे. जहाजावर क्लॅम्प बल्कहेडला लावला की डेकपासून रेलिंगपर्यंत सगळं लोखंड एकच. नोझल चुकून शिडीला टेकलं तरी सर्किट पूर्ण, किरण सुटायला मोकळा! म्हणून त्या क्लॅम्पच्या भरवशावर न राहता आम्ही प्रत्येक कंपार्टमेंटला लेझरचे पडदे लावले, पोर्टहोल आणि मॅनहोल झाकले, दाराला वेगळा इंटरलॉक (दार उघडताच किरण बंद करणारा स्विच) बसवला. हॉट वर्क परमिटवरही (आगीच्या कामाच्या परवान्यावरही) एक ओळ वाढवली: बल्कहेडच्या पलीकडे फायर वॉच (आगीवर नजर ठेवणारा माणूस) हवाच, पण किरणाच्या रेषेबाहेर आणि चष्मा घालून.

जोडाचं म्हणाल तर गन चालवायला शिकणं सोपं निघालं. टिगवर (टंगस्टनच्या टोकाच्या आर्क वेल्डिंगवर) हात बसायला जेवढा काळ जातो त्याच्या मानाने काहीच नाही. तरुण पोरं पटकन तयार झाली. अवघड झालं ते फिटरचं, म्हणजे जोडायचे तुकडे जुळवून बसवणाऱ्याचं. मिगमध्ये दोन मिलिमीटरची फट वेल्डर भरून काढतो आणि कोणाला पत्ताही लागत नाही. लेझरचा बिंदू केसाएवढा. तो हलवून, वायर घालूनही अर्ध्या मिलिमीटरच्या वर फट गेली की रूट (जोडाचा तळ) खाली बसतो किंवा किरण सरळ आरपार जातो. आमचे मुख्य फिटर, ज्यांना सगळं यार्ड मामा म्हणतं, पहिल्यांदा फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) पाहून म्हणाले, "साहेब, हे इंजिनवाल्यांचं हत्यार. मला कशाला?" आता ते गेज त्यांच्याच खिशात असतं. प्लाझ्माने कापलेली कड ते आधी घासून सरळ करतात, दोन्ही बाजूंचा शॉप प्रायमर, म्हणजे प्लेटला आधीच मारलेला गंजरोधक रंग, काढतात (त्यातला जस्त उकळला की जोडात भोकं पडतात), टॅक (तात्पुरते छोटे जोड) एकमेकांच्या जवळ मारतात. वेल्डर बिचारा त्यानंतर फक्त गन ओढतो. मजुरीचा हिशेबही त्यामुळे बदलावा लागला, आणि तो बदलायला मालकांना तयार करणं हे क्लासच्या परीक्षेपेक्षा जड गेलं.

क्लासचं काम शिस्तीत झालं. आयएसओ ४०६३ मध्ये या प्रक्रियेचा क्रमांक ५२१, आणि चाचणी आयएसओ १५६१४ च्या भाग ११ प्रमाणे. क्लासच्या सर्व्हेअरसमोर कूपन (चाचणीचा नमुना तुकडा) जोडलं, त्यावर शिक्का पडला, मग रेडिओग्राफी, टेन्साइल (ओढून), बेंड (वाकवून), मॅक्रो (जोड कापून पाहणं) आणि हार्डनेस (कठीणपणा). धाकधूक हार्डनेसचीच होती. लेझरचा जोड झटकन थंड होतो, कार्बन जास्त असला की ठिसूळ होतो. आम्ही मिल सर्टिफिकेट पाहून कमी कार्बनची प्लेट निवडली होती, तेवढ्यावर निभावलं. मंजुरी मिळाली ती त्या जाडीपट्ट्यापुरती आणि कूपन ज्या पोझिशनमध्ये जोडलं तेवढ्यापुरती.

पावसाळ्याबद्दल मात्र मॅन्युअलमध्ये नीट वाचून घ्या. जुलैत आमच्याकडे दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतली वाफ दव होऊन जमते) २५ अंशांच्या आसपास असतो. चिलरचं (मशिन थंड ठेवणाऱ्या यंत्राचं) पाणी त्याहून थंड ठेवलं तर गनच्या आतल्या काचेवर दव धरतं आणि पुढच्या शॉटला काच जळते. चिलरचं तापमान दवबिंदूच्या वर ठेवायचं आणि मशिन बंद पेटीत, एसीच्या कोरड्या हवेत. आमच्या इलेक्ट्रिशियनने चिलरशेजारी आर्द्रतामापक टांगलाय, सकाळी तो पाहिल्याशिवाय कोणी स्विच लावत नाही.

कापण्यासाठी याच गनला दुसरं नोझल लागतं. पातळ पत्र्यात फायदा खरा आहे, पलीकडचा रंग फार कमी जळतो. पण कापताना किरण आरपार जातो, म्हणून मागे अडवायला जाड प्लेट धरता येईल तिथेच कापायचं, असा आमचा नियम. हलच्या (जहाजाच्या बाहेरच्या कवचाच्या) १० मिलिमीटर प्लेटला अजून गॅस कटरच. विक्रेते काहीही सांगोत, तिथे ही गन नेण्याचा माझा सध्या तरी विचार नाही. पुढचं कूपन ५०८३ ॲल्युमिनियमचं (मॅग्नेशियम मिसळलेल्या जातीचं) आहे, लाँचच्या छतासाठी. त्यात मॅग्नेशियम उडून जोड सच्छिद्र होतो, त्यामुळे वायर कोणती घालायची यावर सर्व्हेअरशी बोलणं चालू आहे.