आखाजी ते आखाजी: गच्चीवरील भरिताच्या वांग्याची नोंदवही

आमच्या घरी वर्ष आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सुरू होते. १० मे २०२४ रोजी सणासाठी यावल तालुक्यातील माहेरी गेले असता भावाने वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेली एक पुडी हातावर ठेवली. त्यात घरच्या भरिताच्या वांग्याचे, आईने धरलेले शेवटचे बी होते. जळगावच्या भरिताच्या वांग्याला आणि केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले खरे. पण भाऊ स्वतः गेली काही वर्षे रोपवाटिकेतून रोपे आणतो आणि घरचे बी धरणे त्याने सोडून दिले आहे. तेव्हा हे बी जळगावात आमच्या गच्चीवर टिकवून दाखवायचे, एवढा एकच संकल्प त्या वर्षी केला.

२० जूनला रोप टाकले आणि २७ जुलैला बारा रोपे अठरा इंची पिशव्यांत लावली. पहिली चूक मातीतच झाली. शेतातली काळी माती वांग्याला मानवते, म्हणून मी निम्म्याहून अधिक काळी मातीच भरली. मात्र शेतात तिला खाली वाव असतो, पिशवीत नसतो, हे ध्यानात घेतले नाही. ११ ऑगस्टच्या रविवारी खानदेशची लोकदेवी कानबाई आमच्या घरी बसल्या. सासूबाईंच्या देखरेखीखाली सव्वाच्या मापाने रोटाचे, म्हणजे कानबाईच्या प्रसादाचे, दळण झाले, रात्रभर गाणी झाली, सोमवारी विसर्जन झाले आणि या धांदलीत दोन दिवस गच्चीवर कोणी फिरकले नाही. वर गेलो तेव्हा पिशव्यांत चिखल साचलेला होता आणि तरीही मी सवयीने हातात झारी घेऊन उभी होते. सासूबाईंनी अहिराणीत विचारले, "इतलं पानी कसाले टाकस व?" पाच रोपांची मुळे कुजून गेली. उरलेल्या सातांसाठी एक भाग काळी माती, एक भाग शेणखत आणि एक भाग केळीच्या खांबाचे कुजवलेले तुकडे असे नवे मिश्रण केले. पंधरवड्यात पानांचा रंग पालटला.

सासूबाईंचा छंद म्हणजे कानबाईची गाणी वहीत उतरवणे. यंदा त्यांची दुसरी वही भरली. त्यांना लिहिताना चाल आठवत नाही आणि गाताना शब्द थांबत नाहीत, त्यामुळे त्या गातात आणि नववीतील नात लिहून घेते.

सप्टेंबरमध्ये चाळीसगावजवळ पाटणादेवीला गेलो. पाटण येथील शके ११२८ च्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने काढलेल्या मठाला दिलेल्या दानाची नोंद आहे. मुलीला गणिती कोड्यांचा नाद असल्याने परतीच्या वाटेवर गाडीत भास्कराचार्यांच्याच 'लीलावती'तील भुंग्यांचे कोडे निघाले: थव्याचा पंचमांश कदंबावर, तृतीयांश शिलींध्रावर, त्या दोहोंतील फरकाच्या तिप्पट कुटजावर, आणि एक भुंगा अधांतरी, तर एकूण किती? तिने पंधरा हे उत्तर चाळीसगाव येण्याआधीच काढले आणि वर म्हणाली, "आई, आपल्या गच्चीला त्यातला एकच मिळाला तरी पुरे."

तिचे म्हणणे खरे होते. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात फुले लागली, पण फळ धरेना. वांग्याच्या फुलातील परागकोश उभे उकलत नाहीत. त्यांच्या टोकाला बारीक छिद्रे असतात आणि मिठाच्या डबीतून मीठ पडावे तसे पराग त्यांतून पडतात. त्यासाठी भुंग्याने फुलाला बिलगून ते थरथरवावे लागते. तिसऱ्या मजल्यावर भुंगे क्वचितच येत. मुलीने आपला जुना, बॅटरीवर चालणारा दातांचा ब्रश सकाळी देठामागे दोन-तीन सेकंद टेकवायला सुरुवात केली, तेव्हा कुठे फळे धरू लागली. सगळीच फुले मात्र उपयोगाची नसतात: ज्या फुलांत पराग झेलणारी कुक्षी परागकोशांच्या वर डोकावते तीच फळतात, ज्यांत ती आत दडलेली असते ती बहुधा गळून पडतात. हे भिंगाने पाहून ठेवल्यावर आमची निम्मी काळजी मिटली.

शेजारच्या कुंडीत साधे काटेरी वांगे होते, म्हणून बियांसाठी निवडलेल्या तीन कळ्यांवर मलमलीच्या पिशव्या बांधल्या, कापडावरूनच ब्रश टेकवला आणि फळ धरल्यावर पिशवी काढून देठाला लाल दोरा बांधला. शेंडा पोखरणाऱ्या अळीने दोन झाडे गाठली. सुकलेले शेंडे खुडून साबणाच्या पाण्यात टाकण्यापलीकडे काही केले नाही, आणि तेवढे पुरले.

डिसेंबरच्या अखेरीस माहेरच्या शेतात भरीत पार्टी झाली. बहुतेक वांगी बामणोद गावची होती, आमची चारच, सर्वांत मोठे ३१० ग्रॅमचे. कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर ती भाजली, बडगीत, म्हणजे लाकडी उखळीत, हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात आणि शेंगदाण्यांसह ठेचली आणि कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या पिठाच्या) भाकरीबरोबर खाल्ली. आमचे वांगे कोणते हे कोणालाच ओळखता आले नाही, हे मी प्रशस्तिपत्र समजते. येताना चुलीतली राख डब्यात भरून आणली. जानेवारीत यजमानांच्या हट्टापायी हतनूर धरणावर पक्षी पाहायला गेलो. थंडीने काकडलो, पण पट्टकादंब पाहायला मिळाले.

लाल दोऱ्याची तीन फळे झाडावरच पिवळी पडू दिली. फेब्रुवारीत गर पाण्यात चोळला, तरंगलेले बी टाकून दिले, तळाला बसलेले सावलीत वाळवून त्याच राखेत चोळले. मार्चपासून उन्हाने फुले गळू लागली. पन्नास टक्के सावलीची हिरवी जाळी लावली, तिने झाडे वाचली, फुले नाहीत.

३० एप्रिल २०२५ च्या आखाजीला खापराच्या पुरणपोळ्या झाल्यावर भावापुढे पुडी ठेवली. त्याने राखेतून चार बिया तळहातावर घेतल्या, नखाने दाबून पाहिल्या आणि विचारले, "उगवतं का हे?" ओल्या फडक्यात वीस बिया ठेवल्या होत्या, दहाव्या दिवसापर्यंत सतरा उगवल्या होत्या. त्याने ओसरीच्या कोनाड्यातला आईचा जुना पितळी डबा काढला, पुसला आणि पुडी त्यात ठेवली.