कूलर, १ नग

सगळ्यात आधी एक सांगून टाकतो, नाहीतर पुढे रागाच्या भरात राहून जाईल. मासे ठेवायचा डबा मागवाल तेव्हा बिल्टीवर, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या पावतीवर, 'कूलर' लिहू देऊ नका. आइस बॉक्स लिहा, बर्फाचा डबा लिहा, पेटी लिहा, काहीही लिहा. आमच्या विदर्भात, त्यातही एप्रिलमध्ये, कूलर म्हटलं की एकच वस्तू डोळ्यासमोर येते. तिला पंखा असतो, पंप असतो, तीन बाजूंनी वुडवूलच्या ताट्या असतात आणि संध्याकाळी तिच्यात बादलीने पाणी ओतावं लागतं.

मी भंडारा जिल्ह्यातल्या पवनी तालुक्यातला, शाळेत शिक्षक. गोसीखुर्द धरणाचं पाणी जवळ आहे, म्हणून रविवार मोकळा मिळाला की आम्ही तिघे-चौघे गळ घेऊन निघतो. डोंगा (लहान होडी) ओळखीच्या एका ढीवर, म्हणजे मासेमार समाजातल्या, मामांचा, परवानगी सोसायटीची. (ही परवानगी आधी घ्या. आमच्याकडे धरणं असोत की मामा (माजी मालगुजारी) तलाव, मासेमारी बहुतेक ठिकाणी सोसायट्यांकडे ठेक्याने असते. ओळख आहे म्हणून न विचारता गळ टाकणं बरं दिसत नाही.) सकाळी सहाला पाण्यावर, घरी परतायला चार. मरळ मिळाली तर चिंता नसते, ती ओल्या पोत्यातही तासन्‌तास जिवंत राहते. पण रोहू-कटला ४४-४५ अंशांच्या उन्हात दोन तासांत मऊ पडतो, आणि मग घरी मंडळींच्या तोंडाकडे पाहवत नाही.

पहिला डबा थर्माकोलचा घेतला होता, मासळीच्या व्यापाऱ्याकडून, १५० रुपयांत. तिसऱ्याच खेपेला एका मित्राचा गुडघा त्याच्यावर पडला आणि डब्याच्या दोन पेट्या झाल्या. दुसरा बाजारातून आणला, लालभडक, चाकं असलेला, १,९०० रुपयांचा. दिसायला देखणा, पण त्यात ५ किलो बर्फ टाकला की दुपारी दोनला नुसतं पाणी. एकदा चिडून मी त्याच्या झाकणाला ड्रिलने भोक पाडलं. आत काही नाही, हवा! भिंतींत फोम भरलेला आणि झाकण पोकळ. वरून ऊन पडतं ते झाकणावरच, आणि पैसे वाचवले तेही तिथेच.

अक्कल आली ती आठवडी बाजारात मासळी विकणाऱ्या एका मावशीकडून. तिचा पांढरा डबा किती वर्षांचा होता कोण जाणे, कोपरे घासलेले, पण आतला बर्फ दुपारीही खडखडीत. मी कंपनी कोणती, रंग कोणता विचारत बसलो. ती म्हणाली, "रंग कायले पायतं गुरुजी? झाकन पाय." आणि झाकणावर टिचकी मारून दाखवली. भरीव आवाज. तेव्हापासून मी दुकानात दिसेल त्या डब्याला टिचकी मारतो, दुकानदार पाहत राहतात.

झाकणाच्या कडेला रबराची पट्टी आहे का हेही पाहा. दहाची नोट मध्ये धरून झाकण बंद करा आणि नोट ओढा. सहज निघाली तर थंडीही तशीच निघून जाईल. चारही बाजूंनी ओढून पाहा. फोम पफचा (पॉलियुरेथेनचा) हवा, तेवढ्याच जाडीच्या थर्माकोलपेक्षा तो उष्णता चांगली अडवतो, आणि भिंत निदान बोटभर जाड हवी. लिटरच्या आकड्यावर जाऊ नका, आतली लांबी टेपने मोजा. माझ्या डब्याची आतली लांबी ५५ सेंटिमीटर आहे, त्यात तीन किलोच्या वरचा रोहू सरळ झोपत नाही, शेपटी कापावी लागते. हे मला घेतल्यावर कळलं.

पुष्कळ शोधून एक पांढरा, ५० लिटरचा, सगळीकडून पफ भरलेला डबा पसंत केला. परदेशी डबे त्याच्या पाचपट किमतीचे, ते डोंग्यात ठेवायची माझी छाती नाही. हा ५,२०० रुपयांना. ऑनलाइन मागवायला गेलो तर आमचा पिनकोड टाकला की सेवा उपलब्ध नाही. मग परराज्यातल्या एका डीलरला फोन केला. तो म्हणाला, ट्रान्सपोर्टने टाकतो, टू पे, म्हणजे भाडं माल घेताना तुम्ही द्यायचं. पैसे पाठवले, दुसऱ्या दिवशी बिल्टीचा फोटो मोबाइलवर आला. माझं नाव, गाव, नंबर बरोबर आहे एवढं पाहून मी फोटो मिटला. खाली मालाच्या रकान्यात काय लिहिलंय ते वाचलं नाही.

सहाव्या दिवशी मेसेज आला, माल पोचला. गोडाऊन आमच्या गावाहून २८ किलोमीटर. ट्रान्सपोर्टचं नाव सांगत नाही, शाळेचा माल अजून तिथूनच येतो.

पहिली फेरी पाच मिनिटांत संपली. खिडकीतल्या भाऊंनी फोटोकडे पाहिलंसुद्धा नाही. "ओरिजनल बिल्टी आणा." डीलरला फोन, त्याने ती टपालाने पाठवली, चार दिवस गेले.

दुसऱ्या फेरीला बिल्टी घेऊन गेलो. गोडाऊन सांभाळणारा माणूस ती हातात धरून मला आत घेऊन गेला आणि एका रांगेसमोर उभा राहिला. लग्नसराईचे दिवस, निम्मा माल आंदणाचा. लोखंडी कूलर, फायबरचे कूलर, चाकांचे, बिनचाकांचे.

"यातला कोनता तुमचा, सांगा."

"यातला नाही. माझा लहान आहे. मासे ठेवायचा."

त्याने एकदा बिल्टीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "कूलरमंधी मासे?"

तेवढ्यात दोन हमाल आले. त्यातला एक खरंच काळजीने म्हणाला, "सर, टाकीत नका ठेवू. दुपारी पानी तापते, मरून जातीन." मी त्यांना समजावून सांगितलं की याला पंखा नसतो, हा नुसता डबा, यात बर्फ टाकायचा. तिघांनीही मान हलवली. मग गोडाऊनवाल्याने बिल्टी माझ्यासमोर धरली आणि रकान्यावर बोट ठेवलं. तिथे लिहिलं होतं: कूलर, १ नग.

"लिवलं आहे ना सर?"

यापुढचा दीड तास मी कधी विसरणार नाही. रजिस्टर निघालं. रजिस्टरप्रमाणे सहा कूलर शिल्लक पाहिजे होते, रांगेत पाच होते. म्हणजे एक कमी. म्हणजे माझा कूलर कोणीतरी चुकून नेला. हिशोब इतका चोख होता की क्षणभर मलाही पटला. आदल्या दिवशी एका लग्नघरी दोन कूलर गेले होते, तिकडे फोन लावला. फोन उचलणाऱ्याला मागच्या बँडमुळे ऐकू येत नव्हतं. "तुमच्याकडे तीन आले का?" असं हा ओरडला, तिकडून वरबाप ओरडले की दोनच आले आणि त्यातल्या एकाचा पंप बंद आहे, तो आधी बदलून द्या. मग भांडण त्या पंपाचं सुरू झालं आणि माझा विषय मागे पडला.

दाराजवळ एक खोकं होतं, त्यावर बसून मी वाट पाहिली. आमच्या गोसीखुर्दचं भूमिपूजन १९८८ साली झालं आणि कालव्यांची कामं पुढे तीस वर्षांनंतरही चालूच होती. वाट पाहायची आम्हाला सवय आहे. धान खरेदी केंद्रावर बारदान्यासाठी रात्र काढलेला माणूस दीड तासाला घाबरत नाही. पण तिथे निदान आपलं पोतं डोळ्यासमोर असतं. चहा आला, मी कप बाजूला त्याच खोक्यावर ठेवला. शेवटी खिडकीतले भाऊ म्हणाले, "दोन दिवसांनी या, नाही सापडला तर क्लेम टाकू."

तिसरी फेरी चार दिवसांनी. क्लेमचा फॉर्म, डीलरच्या बिलाची झेरॉक्स, बिल्टीची झेरॉक्स, आधारची झेरॉक्स. समोरच्या झेरॉक्सवाल्याकडे लाइन गेलेली. ती आली तेव्हा साडेबारा वाजले होते आणि मी मनातल्या मनात डीलरला ज्या शिव्या दिल्या त्या शाळेत शिकवत नाहीत. फॉर्म भरायला टेबल नव्हतं, म्हणून परत त्याच खोक्यावर कागद ठेवून उकिडवा बसलो. 'मालाचे वर्णन व माप' अशी ओळ होती. बिलावर खोक्याचं माप होतं, ६५ बाय ४२ बाय ४०, ते लिहिलं. गोडाऊनवाला म्हणाला, "एवढुसा? दाखवा बरं केवढा." मी हमालाकडचा टेप घेतला आणि हाताशी होतं ते खोकं मोजून दाखवायला लागलो, म्हणजे याच्यापेक्षा थोडा मोठा किंवा लहान असं सांगता येईल म्हणून.

लांबी ६५. रुंदी ४२. मी उंची मोजलीच नाही. खोकं उलटं केलं. खालच्या बाजूला चिठ्ठी होती आणि चिठ्ठीवर माझं नाव.

माझं वजन ७८ किलो. दीड तास मी माझ्याच डब्यावर बसून माझ्या डब्याची वाट पाहिली होती. झाकण मजबूत आहे की नाही ही शंका मला पुन्हा कधी आली नाही.

भाऊंच्या चेहऱ्यावर रेघ हलली नाही. "मग सर, तुम्हीच सांगायचं होतं, तुम्ही तर बसून होते." आणि बिल केलं. डब्याचं वजन साडेआठ किलो, पण भाडं २२ किलोचं. हलका आणि आकाराने मोठा माल असला की ही मंडळी लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणतात, ५००० ने भागतात आणि येईल तो आकडा किलो धरतात. ६५ गुणिले ४२ गुणिले ४० म्हणजे १,०९,२००. भागिले ५००० म्हणजे २१.८४. गणित बरोबर होतं, मी तिथेच करून पाहिलं. किलोला १४ रुपये, ३०८. बिल्टी चार्ज ५०. हमाली २०. आणि डॅमरेज १८०, माल वेळेवर उचलला नाही म्हणून!

इथे मात्र मी आवाज चढवला. तुमच्या गोडाऊनमध्ये तुम्हालाच सापडत नाही आणि मुक्कामाचं भाडं माझ्याकडून? अर्धा तास घासाघीस होऊन डॅमरेज ९० वर आलं. पूर्ण माफ व्हायला हवं होतं असं मला अजूनही वाटतं. तेव्हा मागवताना भाडं आधी विचारून घ्या आणि ते किंमतीत धरा. ४६८ रुपये आणि तीन फेऱ्यांचं पेट्रोल जोडलं तर नागपूरला जाऊन दुकानात टिचकी मारून घेतलेला डबा बहुधा स्वस्त पडला असता.

डब्याबद्दल तक्रार नाही. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या सगळ्यात तापलेल्या नऊ दिवसांत, त्याची परीक्षा घेतली. सकाळी सहाला ५ किलो बर्फ तोलून आत टाकला, डबा पडवीत ठेवला, चार वाजता बूच काढून पाणी मोजलं. पावणेतीन लिटर. सव्वादोन किलो बर्फ शिल्लक. लाल डब्याचं काय व्हायचं ते वर सांगितलंच आहे. वरून ओला बारदाना टाकला तर आणखी फरक पडतो, आणि तो फुकटात पडतो.

आता बर्फाचं. एक किलो मासळीला एक किलो बर्फ हा हिशोब धरा. जास्त वाटतो, पण पाण्यातून काढलेला ताजा मासा ३० अंशांच्या आसपास असतो आणि त्याला शून्यावर आणायलाच किलोमागे जवळजवळ ३०० ग्रॅम बर्फ जातो. बाकीचा ऊन खातं. म्हणून ५० लिटरच्या डब्यात १२-१५ किलोच मासळी बसते असं समजा. खाली बर्फाचा थर, मग मासे, मग बर्फ, सगळ्यात वर परत बर्फ. लादी फोडताना बारीक चुरा माशांना लावायला ठेवा आणि मोठे तुकडे खालीवर, ते उशिरा विरघळतात. मासे आधी कल्ले आणि पोट काढून धुऊन टाकले तर उत्तम. विरघळलेलं पाणी मधेमधे सोडून द्या, नाहीतर मासे त्यात भिजून पांढरट पडतात. कारखान्यातली लादी निळसर दिसली तर तो खायचा बर्फ नाही, म्हणूनच त्याला रंग देतात. माशांना लागेल असा तो डब्यात टाकू नका, आणि त्याचा तुकडा सरबतात तर मुळीच नको.

आणखी एक आठवलं. आदल्या रात्री डब्यात गोठवलेल्या दोन-तीन बाटल्या ठेवून झाकण लावून ठेवा. अंगणात तापलेल्या डब्यात सकाळी बर्फ टाकला तर पहिला किलो डब्यालाच थंड करण्यात जातो. बाटल्या काठोकाठ भरू नका, गोठताना पाणी फुगतं. डोंग्यात डबा मधोमध, तळाशी, दोरीने बांधून. माझ्यासारखं त्यावर बसायचं असेल तर ते गोडाऊनमध्ये. पाण्यावर उंचावर बसलं की डोंगा कलतो, मामा ओरडतात आणि ते बरोबर असतात.

घरात कोणी मासळी विकत असेल तर स्वतःच्या खिशातून घेण्याआधी जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात चौकशी करा. २०२० साली आलेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत बर्फाच्या पेटीसह सायकलसाठी १०,००० आणि मोटरसायकलसाठी ७५,००० रुपये खर्च धरलेला होता. सर्वसाधारण गटाला त्यावर ४० टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के अनुदान. आम्हा रविवारच्या हौशी लोकांना ते नाही, आणि नसावंच.

बूच राहिलं. दुसऱ्या रविवारी ते गळायला लागलं. डीलरला सांगितलं तर म्हणाला, नवा वॉशर पाठवतो, ट्रान्सपोर्टने टाकू का? मी फोन ठेवला आणि सायकलच्या जुन्या ट्यूबची गोल चकती कापून बसवली.